जहाजाच्या नाकातले बोळे

"बोळे काढले का?" हे विचारताना काका उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या नाकपुड्यांशी नेत. शब्द पोचणार नाहीत इतके लांब असले, तर नुसतीच बोटं. माळाच्या टोकाला पांढरं धोतर आणि नाकाशी गेलेली बोटं दिसली की आमचा मेकॅनिक म्हणायचा, "आले तुमचे इन्स्पेक्टर." आम्ही हसायचो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याची रोज चेष्टा करायची आणि ते आलं नाही की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. कपाशीवर विमानातून औषध फवारायचं नवीनच निघालं होतं. एका खासगी कंपनीचं छोटं पिवळं विमान घाटंजीबाहेरच्या माळावर दोन महिन्यांसाठी आलं होतं, आणि त्या छावणीवर मी हंगामी स्टोअरकीपर होतो. विमानाच्या पंख्यामागे, इंजिनाला वारा लागावा म्हणून, डावी-उजवीकडे दोन भोकं होती. पहिल्याच आठवड्यात साळुंक्यांनी त्यांत काड्या भरल्या. मेकॅनिकने ओंजळभर काड्या उपसून माझ्यापुढे धरल्या. "हे वर आभाळात पेटलं असतं म्हणजे?" तेव्हापासून मला त्या भोकांकडे बघवत नसे. विमान उभं असताना ती बुजवायला घट्ट बोळे हवे होते, आणि ते शिवणारा माणूस शोधायला मी बाजारात गेलो.

तिथे काका भेटले. बैलगाडीच्या गाद्या आणि पोळ्याच्या झुली शिवायचे. हातात दाभण, कानावर सुतळीचा तुकडा. माळावर येऊन त्यांनी विमानाभोवती, त्यांच्या भाषेत जहाजाभोवती, दोन फेऱ्या मारल्या, पण भोकात हात घालायला काही तयार होईनात.

"कापूस भराचा का याच्यात?" त्यांनी विचारलं.

"मग काय? आपल्याकडे कापसाला काय तोटा?"

"नाई बाबू. नाकात कापसाचे बोळे कोनाच्या घालतेत? मुर्द्याच्या. जित्या जहाजाच्या नाकात मी कापूस नाई घालत."

मी थट्टेने म्हटलं, "काका, तुम्ही तर बुद्धाची दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडून आलात म्हणे."

"देव सोडले, बाबू. भेव काही सुटत नाई." असं म्हणून ते स्वतःच हसले.

शेवटी गोणपाटाच्या चिंध्या आणि काथ्या भरून त्यांनी बोळे शिवले. वरच्या खोळीसाठी विमानाच्या रंगाचं पिवळं मेणकापड यवतमाळहून मागवलं. गादीची खोळ गाडीला शोभली पाहिजे, हा त्यांचा धंद्याचा अभिमान. बोळे बसवल्यावर कुठे पत्रा संपला आणि कुठे कापड सुरू झालं ते चार पावलांवरून कळत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. कॅप्टननेही केली. कॅप्टन म्हणजे विमान चालवणारा, केरळचा पंचविशीतला पोरगेला माणूस. त्याला मराठी येत नव्हतं, पण काकांना वाकून नमस्कार करायचा.

सकाळी बोळे काढायचं काम माझं होतं. विमानाचं तोंड उंच, म्हणून औषधाच्या रिकाम्या पिंपावर चढून एकेक बोळा ओढायचा आणि तंबूतल्या फळीवर ठेवायचा. एवढंच काम.

एके दिवशी वारा उठायच्या आत फवारणी उरकायची घाई होती. मी उजवा बोळा काढला, तेवढ्यात कुणीतरी औषधाचं पिंप फुटल्याची ओरड केली. मी बोळा हातात घेऊन तिकडे धावलो, तिथून तंबूत गेलो. नंतर मी विमानाकडे पाहिलं ते लांबूनच. पिवळ्यात पिवळं, वेगळं काही दिसलं नाही. मेकॅनिकनेही तसंच पाहिलं असणार. काका त्या दिवशी एका बोळ्याची उसवलेली शिवण घालायला आले होते.

"बोळे काढले का, बाबू?"

"काढले हो काका, दोन्ही."

विमान उडालं. काका तंबूत गेले आणि एक बोळा हातात घेऊन बाहेर आले.

"दुसरा कुठी हाय?"

डावा मी काढलाच नव्हता. वायरलेस नव्हता. कुठे फवारायचं ते शेतांतून झेंड्यांनी दाखवणारी माणसं तीन मैलांवर होती. मेकॅनिकने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. "एका बाजूने हवा नाही. तापणार. जाम होणार," एवढंच म्हणाला. करण्यासारखं काहीही नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळदा घाबरलो आहे, आजारपणात, तुफानात, एकदा तर नदीच्या पुरात. पण ती दहा-बारा मिनिटं वेगळी होती, कारण मरणार होता दुसराच.

काका धावपट्टीच्या कडेला उभे होते. बोळा छातीशी धरलेला. "माह्या हातचा बोळा हाय, बाबू," ते पुनःपुन्हा म्हणत होते. "माह्या हातचा."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

मग आवाज आला. नेहमीसारखा सलग नाही, अडखळत येणारा. विमान झाडांवरून कसंबसं आलं, आपटलं, दोनदा उसळलं आणि थांबलं. जळक्या रंगाचा वास सुटला होता. कॅप्टन खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "टेम्परेचर की सुई लाल पे चली गई थी," तो म्हणाला. मेकॅनिकने पिंपावर चढून डावा बोळा ओढून काढला. त्याची आतली बाजू करपून काळी झाली होती.

"ये किसकी गलती है?" कॅप्टनने विचारलं.

यवतमाळला माझी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. नोकरी हंगामी. काका पुढे झाले.

"माही, साहेब. पिवळ्यावर पिवळं कापड लावलं म्या. मानसाले दिसन कसं?"

मेकॅनिकने ते हिंदीत सांगितल्यावर कॅप्टनने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "कोई बात नहीं. लाल बना दो." मी मान खाली घालून उभा राहिलो.

दुपारपर्यंत काकांनी लाल बोळे शिवून आणले, दोन्ही जाड सुतळीने एकमेकांना बांधलेले आणि सुतळी पंख्याच्या पुढून घेतलेली. काढायचे राहिलेच, तर पंखा फिरताच सुतळीला हिसका बसून ते बाहेर पडणार. आता विसरायची सोयच नव्हती. तरी त्या दिवसापासून ते रोज पहाटे कोसभर चालत येऊ लागले. माझ्या शब्दावर थांबत नसत. ज्या भोकांना हात लावायला ते भीत होते, त्यांत आता कोपरापर्यंत हात घालून पाहत. शेवटची फेरी उतरेपर्यंत भाकरीचं फडकं सोडत नसत. मी "दोन्ही काढले" म्हणालो होतो, याची त्यांनी मला एकदाही आठवण दिली नाही. ते विसरले होते की मला सांभाळून घेत होते, हे मला आजही ठरवता येत नाही.

हंगाम संपला. कॅप्टन हात हलवून विमान घेऊन गेला. काका बराच वेळ तिथेच उभे. मग म्हणाले, "आता तिकडं कोन पाह्यन?"

पुढे बाजारात भेटले की पहिला प्रश्न ठरलेला. "कॅप्टनची काही खबर?" "खुशाल आहेत," मी ठोकून द्यायचो. मला काडीचीही माहिती नव्हती. खरी गोष्ट दर वेळी ओठांपर्यंत यायची आणि मी पुढच्या बाजाराला सांगू म्हणून वाट धरायचो.

मग मला यवतमाळला कायमची नोकरी लागली. आता कुणाची भीती नव्हती. तरी दोन वर्षं गेली. एका रविवारी मनाचा हिय्या करून मी त्यांच्या घरी गेलो. काकू दारात तूर पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं. काका उन्हाळ्यातच गेले होते.

"जहाजाचा आवाज आला का हातचं काम टाकून आंगनात येत," त्या सांगत होत्या. "आवाज जाईपरेंत हालत नसत. मी म्हनो, काहून उभे राह्यता? तं म्हनत, माह्या हातून मानूस मरत होता." त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाबू, तुमी तं तिथीच होते. खरंच त्याईच्या हातून चूक झालती का?"

"नाही काकू. माझ्या हातून झाली होती. बोळा काढायचा मी विसरलो होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"मंग हे त्याईले सांगाले पाह्यजे होतं, बाबू."