राखायला चपला उरल्या नव्हत्या

“तू इथंच बस. चपला राख. आत पाय टाकू नको, बाटंल समदं.”

हैदराबादेतल्या एका जुन्या, उंच चर्चच्या पायरीवर आमच्या हसनाबादच्या देशमुखीणबाई मला असं म्हणाल्या. त्याला कॅथेड्रल म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. बाईंची लेक त्या शहरात बाळंत झाली होती, आणि बाळंतिणीचे कपडे धुवायला त्यांनी मला महारवाड्यातून वेठीला नेलं होतं. जालन्याला आगगाडीत चढले तेव्हा माझी स्वतःची पोर जाऊन महिनाही झाला नव्हता.

तान्ही होती. ती गेली त्या सकाळी देशमुखांचा गडी दारात येऊन म्हणाला, “पोरीला माती दे अन् जल्दी ये. घरी पाव्हणे आलेत.” मी गेले. गेले, याची लाज अजून वाटते. त्यांचं अंगण झाडताना माझी चोळी दुधाने भिजत होती.

तर मी पायरीवर बसले. जावयाने बाईंना शहर दाखवायला आणलं होतं. देवळात जाताना काढतात तशा दोघांनी चपला काढल्या. बाकीचे लोक मात्र बूट घालून खुशाल आत जात होते. दारावरचा म्हातारा राखणदार हसला. “चप्पल कायकू उतारे? पैनके आव.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू बी आ, अम्मा.”

बाई ओशाळल्या. चपला पायांत घातल्या. मला म्हणाल्या, “तू बस तिथंच.”

आता राखायला काहीच नव्हतं. तरी मी बसायचं. कशासाठी? देव त्यांचा नव्हता, जागा त्यांची नव्हती, आणि तिथला माणूस मला ये म्हणत होता. परक्याच्या देवाचं सोवळं बाई सांभाळत होत्या. हसू यायला हवं होतं. रडू आलं.

मी उठले. आत गेले.

भिंतीशी एक मूर्ती होती. आई बसलेली, आणि तिच्या मांडीवर मेलेला लेक. चांगला हातातोंडाशी आलेला. ती नुसती त्याच्याकडे बघत होती. तिला कुणी कामाला बोलवत नव्हतं. मी खाली बसले, तोंडात पदर कोंबला, तरी हंबरडा फुटलाच.

बाई धावत आल्या. “ऊठ! कपडे भिजू घातलेत, कोण धुईल?”

“माझी पोर मेली, बाई. मी अजून रडले न्हाई. आधी रडते.”

त्या निघून गेल्या. गावी परतल्यावर मात्र आमचं बलुतं बंद झालं. नवऱ्याने मला मारलं. शेवटी गाव सोडून जालन्यात जिनिंगवर सरकी वेचली.

मी ख्रिस्ती झाले नाही. पोर काही परत आली नाही. पण वेठीला पुन्हा कधी गेले नाही. सुनांना एवढंच सांगून ठेवलंय: घरात मयत झालं तर पोटभर रडा. दारात कुणी का उभा असेना, कामाला उठायचं नाही.