बुजवलेली भोकं

आमच्या गावात पिकअपवाल्यांचा एक विनोद आहे. कुणाची गाडी खालून सडली की म्हणतात, "बुढ्यानं हात लावला वाटते." तो बुढा म्हणजे माझे बाबा. विनोद ऐकून मीही हसतो, आणि मग दिवसभर स्वतःचा राग येत राहतो.

सावली गावच्या गिरणीतून माझ्या पिकअपमध्ये तांदळाचे कट्टे भरायचे आणि माजरीच्या दुकानांत उतरवायचे, हे माझं काम. घरचा भात त्याच गाडीवर शिजायचा. माजरी कोळसा खाणीचं गाव, पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांवर कोळशाचा काळा गारा, म्हणजे चिखल असतो. तो गाडीच्या पोटाला चिकटतो, ओलाच राहतो आणि लोखंड खातो. वरून मात्र मी गाडी पुसून पुसून चकचकीत ठेवायचो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

एका उन्हाळ्यात चंद्रपूरच्या मिस्त्रीनं मला खाली वाकवून गंज दाखवला. म्हणाला, "धुऊन, वाळवून काळा लेप मार. पन चेसिसचे भोकं बुजवू नको. आतलं पानी तिथूनच निथळते." हे एवढंच घरी येऊन बाबांना सांगायचं होतं. दिवसाला शंभर कट्टे वाहणाऱ्या माणसाला तेवढं ओझं जड नव्हतं.

पण त्या दिवशी मित्राचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बाबा म्हणाले, "तू जाय, म्या मारतो लेप." मी लेपाचा डबा त्यांच्या हातात दिला आणि नवा शर्ट घालून निघालो.

बाबांचा जन्म धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात गेला. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला खेकडा भोक पाडतो, त्यातून पाणी जातं आणि धान वाळतो. म्हणून भोक दिसलं की चिखल आणि तणस कोंबून बुजवायचं, हे त्यांच्या हातांना वेगळं सांगावं लागत नाही. गावातले लोक फुटका धुरा दाखवायला त्यांनाच बोलवायचे. पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले, तेव्हा वर त्यांना भोकंच भोकं दिसली. चिंध्या लेपात बुडवून त्यांनी एकेक भोक ठासून बंद केलं.

संध्याकाळी मी आलो तर त्यांच्या भुवयांवरसुद्धा काळे थेंब होते. लहान पोरासारखे खुश होते. "एक बी भोक नाई ठेवलं. आता पानी शिरते कुठून?"

मिस्त्रीचं बोलणं मला त्याच क्षणी आठवलं. पण आता खाली कोण झोपणार, चिंध्या कोण उकरणार, आणि बाबांचं तोंड उतरलेलं कोण बघणार? मी म्हणालो, "मस्त झालं, बाबा."

दोन पावसाळे गेले. कट्टे भरलेली गाडी मूल गावाच्या अलीकडे खड्ड्यात आपटली आणि मागच्या कमानपाट्यापाशी चेसिस तुटली. बाबा सोबत होते. मूलच्या वेल्डरनं एक चिंधी ओढून काढली तशी आतून काळ्या पाण्याची धार लागली. बोटानं दाबलं तर लोखंड पापडासारखं मोडलं. "हे कोन्या शहाण्यानं बुजवलं?" तो म्हणाला.

"म्या," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुले मिस्त्रीनं काई सांगतलं होतं का?"

वेल्डर बघत होता, त्याचे दोन कामगार बघत होते. मी म्हणालो, "नाई."

गाडी भंगारात गेली. आता मी दुसऱ्याची गाडी चालवतो. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, होतंच असं कधी कधी. सहन होत नाही ते वेगळंच.

गावात कुणी नवीन पिकअप आणली की बाबा न बोलावता जातात. या वयात जमिनीवर आडवे होऊन एकेक भोक दाखवतात. "हे बुजवू नका. म्या बुजवले, पोराची गाडी सडवली." पोरं फिदीफिदी हसतात. बाबा म्हणतात, हसू देत, गाडी तर वाचली त्यांची.

परवा एका घरी मी सोबत होतो. गाडीवाल्यानं बाबांना सहज विचारलं, "पन भाऊ, तवा कोनी सांगतलं नोयतं का तुमाले?"

बाबा गाडीखालूनच म्हणाले, "कोन सांगन? माया पोराले मालूम असतं, तर त्यानं सांगतलं नसतं का?"