पाठमोरे बाबा

गोल्फ म्हटलं की रायपुरात, भनपुरीकडच्या आमच्या गल्लीत लोक अजूनही आधी हसतात, मग विचारतात, "वो पैसेवालों का खेल?" मी टूरवर खेळणारी व्यावसायिक गोल्फर आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. आणि माझी बॅग खांद्यावर घेऊन मैदानभर फिरणारे कॅडी म्हणजे माझे बाबाच, हे कळल्यावर तर त्यांना बाबांची कीवच येते. येऊ दे. मला मात्र बाबांनी पहिल्यांदा बॅग उचलली त्या मोसमाचा आणि त्या माणसाचा फार अभिमान आहे.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. वॅगनची लोखंडी चौकट सरळ आहे की वाकली, हे मागे उभं राहून, एक डोळा मिटून बघायचं आणि ठीक असली की "हव" म्हणायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्याकडे हो म्हणायला हाच शब्द. तीच नजर त्यांनी माझ्या खेळाला लावली. सरावाच्या वेळी पट मारायचा असला, म्हणजे हिरवळीवरून बॉल हळूच ढकलून होलमध्ये घालायचा असला, की बाबा माझ्या मागे येऊन उभे राहत. नेम चुकला असेल तर, "जराशी डाव्या अंगाले सरक." बरोबर असेल तर, "हव." तो शब्द आला की माझे हात मोकळे व्हायचे.

स्पर्धेत हे चालत नाही. खेळाडूनं पवित्रा घेतला की कॅडीनं मुद्दाम तिच्या मागे, नेमाच्या रेषेत उभं राहायचं नाही. बाबांना मी हे घरीच समजावलं होतं आणि त्यांनी मानही डोलावली होती. पण सवय ती सवय. मोसमाच्या पहिल्याच स्पर्धेत, जमशेदपूरला, मागून "हव" आलं आणि मी पट मारला. बॉल आत गेला. सोबतच्या खेळाडूनं हात वर करून रेफरीला बोलावलं.

रेफरी भला माणूस होता. त्यानं बाबांना विचारलं, "अंकल, गलती से खड़े हो गए थे ना?" नुसतं हो म्हटलं असतं तरी विषय मिटला असता.

"नहीं साहब," बाबा म्हणाले, "लाइन ही देख रहा था."

दोन फटक्यांचा दंड बसला आणि तेवढ्यानंच मी पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडले. परतीच्या गाडीत राउरकेल्यापर्यंत मी राग आवरला. मग राहवेना. "बाबा, काहून बोललात तसं?"

"उभा होतो ना मी. मंग काय नव्हतो म्हनू?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बिलासपूर आलं तेव्हा राग होताच, पण हा माझा बाप आहे याची ऐटही वाटायला लागली होती.

पुढच्या स्पर्धेपासून बाबांनी नवीनच प्रकार सुरू केला. हिरवळीवर पोचलो की ते बॅग ठेवत, बाजूला जात आणि चक्क पाठ फिरवून उभे राहत.

"बाजूनं पाह्यलं तर चालते बाबा," मी म्हटलं.

"नाई. नजर गेली का पाय बी जाते. तू मार."

बाकीचे कॅडी चेष्टा करत, "अंकल बिटिया से नाराज हैं क्या?" बाबा हसून सोडून देत. कोलकाता असो, नागपूर असो, सगळीकडे हेच. त्यानंतर मोसमभर माझा एकही पट त्यांनी पाहिला नाही. होलच्या तळाशी बॉल पडल्याचा आवाज आला की मगच वळत आणि बॅग उचलत. "हव" मात्र पुन्हा म्हणाले नाहीत. सुरुवातीला त्या शब्दावाचून माझे हात जड व्हायचे.

शेवटची स्पर्धा रायपूरलाच होती. वर्षाच्या क्रमवारीत वर असणाऱ्यांनाच पुढच्या मोसमात थेट जागा मिळते, बाकीच्यांनी पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात करायची. मी नेमकी सीमेवर होते. शेवटच्या होलवर एक पट उरला. गेला तर जागा पक्की, नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

आई पहिल्यांदाच खेळ बघायला आली होती. दोरीपलीकडे छत्री धरून उभी. बाबांनी बॅग ठेवून पाठ फिरवली तशी ती म्हणाली, "आता इथं काहून रुसले तुझे बाबा?" आजूबाजूचे लोक हसले. मलाही हसू फुटलं आणि खांदे जरा सैल झाले.

मी बॉलच्या मागे गेले, एक डोळा मिटला आणि होलपर्यंतची रेष पाहिली, वॅगनची चौकट पाहावी तशी. जराशी डाव्या अंगाला सरकले. पवित्रा घेतला. मागे कोणी नव्हतं. मी पट मारला.

बॉल काठाशी रेंगाळला आणि आत पडला. टाळ्या नंतर वाजल्या. त्याआधी, झाडांकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाबांचा आवाज मला ऐकू आला.

"हव."