कमानीच्या पोटातली पट्टी

नंदकुमारांनी तीस वर्षं नकाशे काढले आणि एकाही नकाशावर त्यांचं नाव नाही. ते एका सरकारी कचेरीत ट्रेसर होते. साहेबाने पेन्सिलीने काढलेलं पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं. रेघ थरथरता कामा नये, डाग पडता कामा नये. कोपऱ्यातल्या चौकोनात सही मात्र साहेबाची. खकनारच्या शाळा, धूलकोटच्या रस्त्यावरचे पूल, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. थोरली बहीण सोजरबाई तापीपलीकडे जैनाबादला दिलेली. ती कधी आली आणि टेबलावर नकाशा दिसला की विचारायची, "नंदू, यात तुह्यं नाव कुठी हाये?" आमचं नाव लावत नसतात, एवढंच ते म्हणायचे.

बुऱ्हाणपूर जिल्हा झाला, कचेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या, नकाशे कॉम्प्युटरवर निघू लागले आणि ट्रेसरचं काम संपलं. नंदकुमार निवृत्त झाले. पण माणूस हट्टी. ज्या यंत्राने आपल्याला उठवलं तेच त्यांनी जुन्या बाजारातून आणून घरात मांडलं. बायको कमल म्हणाली, आता हे कशाला? ते म्हणाले, बघतो तरी याच्यात एवढं काय आहे.

बघता बघता त्यांना एक खूळ सापडलं. लहान मुलांच्या त्या एकमेकींत खटकन बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा असतात ना, त्या पडद्यावर रचायचा प्रोग्राम. फुकटचा. डावीकडे भागांची यादी: वीट, पट्टी, चाक, खिडकी. हवा तो भाग उचलायचा, बसवायचा, फिरवून मागून पाहायचा. हे भागांचं भांडार कोण्या कंपनीने नव्हे, देशोदेशीच्या हौशी लोकांनी भरलेलं. खऱ्या विटेची मापं घ्यायची, तिचा एकेक कोपरा आकड्यांत लिहायचा आणि ती फाइल पाठवून द्यायची. तिघांनी तपासून बरोबर म्हटलं की भाग मंजूर भागांच्या पुढच्या यादीत जाई; अशी नवी यादी अधूनमधून निघे. कोणाला चूक दिसली तर तो हरकत घेई, आणि ज्याने घेतली तो ती उठवेपर्यंत भाग अडकून राही. नंदकुमारांचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीवर जडला. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर करणाऱ्याचं नाव असे. साहेबाचं नव्हे, करणाऱ्याचं.

त्यांना शनवारा दरवाजा रचायचा होता. रोज त्याच्याखालून भाजी आणायला जाणारा माणूस, दुसरं काय रचणार? पण भांडारात तशी कमान नव्हती. म्हणजे ती आपणच करायची, आणि तिच्यावर आपलं नाव लागायचं. झालं, एवढ्यावर त्यांची झोप उडाली.

हे खूळ त्यांनीच प्रकाशला लावलं. प्रकाश शाळेत गणित शिकवायचा, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, समोरच्या गल्लीतला. पहिले सहा महिने तो नंदकुमारांच्या खुर्चीमागे उभा राहून शिकला. मग त्याच्या मेहुण्याने परदेशातून खऱ्या विटांची पिशवी आणली आणि पारडं फिरलं. प्रकाशकडे विटा, प्रकाशकडे वेगवान इंटरनेट, प्रकाशकडे गणिताचं डोकं. नंदकुमारांना एक वळण बसवायला महिना लागे, ते तो दोन रविवारांत बसवी. वर माणूस इतका सरळ की त्याच्यावर रागवायलाही जागा नाही. कमानीची वीट त्यानेच पिशवीतून काढून दिली. "ठेवा नंदूभाऊ, मले काय करायची हाये," म्हणाला. नंदकुमारांना ते दान वाटलं आणि झोंबलं.

बघता बघता यादीत प्रकाशचं नाव आलं. मग पुन्हा आलं. कोण्या दूरदेशीच्या माणसाने त्याच्या कामाची तारीफ लिहिली, ती प्रकाशने आनंदाने वाचून दाखवली. नंदकुमार "छान, छान" म्हणाले आणि घरी येऊन जेवले नाहीत. कमलने विचारलं, पोट बिघडलं का? पोट नव्हतं बिघडलं, पोटात दुखत होतं. चेला साखर झाला आणि गुरू गूळच राहिला, हे त्यांना सहन होत नव्हतं.

दोन वर्षांनी त्यांची कमान पुरी झाली. तिघांनी तपासली, तिघांनी बरोबर म्हटलं. पुढची यादी रविवारी निघणार होती. नंदकुमारांनी सोजरबाईला निरोप धाडला: ये, नाव दाखवतो.

त्याच आठवड्यात त्यांना दिसलं की प्रकाशच्याही कमानी त्याच यादीत येणार आहेत. एक नाही, पाच. लहानीपासून मोठीपर्यंत ओळीने. पाचांमध्ये आपल्या एकीकडे कोण बघणार? त्यांना प्रकाशचा मत्सर वाटत होता, उघडा, धडधडीत, आणि तो त्यांनी स्वतःपाशी कबूलही केला. मग चष्मा पुसून ते चुका शोधायला बसले.

आता या कामाची एक रीत आहे. मोठा भाग सगळा नव्याने लिहीत नाहीत. एखादा छोटा तुकडा आधीच कोणी केला असेल तर फाइलीत नुसता त्याचा नंबर टाकायचा, तुकडा आपोआप येऊन बसतो. मात्र तो तुकडा अडकला तर त्याच्यावर उभे असलेले सगळे भाग अडकतात. प्रकाशच्या पाचही कमानींच्या पोटाला एकच वाकडी पट्टी होती. तिच्या टोकाला दोन कडा जुळत नव्हत्या. फट केसाएवढी, पण ट्रेसरच्या डोळ्याला केसही दोरखंड दिसतो. नंदकुमारांनी पाच कमानींना हात लावला नाही. त्यांनी एका पट्टीवर हरकत घेतली आणि पाचही खाली बसवल्या. चूक खरी होती, नियत खोटी होती.

हरकत घेणाऱ्याचं नाव लपत नसतं. दुसऱ्या दिवशी प्रकाश वाटेत भेटला. रागावलेला नव्हता. "बरोबर पकडलं नंदूभाऊ. फट होतीच. मी बुजवली, तिघांनी परत तपासलीबी, आता फक्त तुमी हरकत उठवा," म्हणाला. नंदकुमार म्हणाले, बघतो. प्रकाशने आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण हे भाजीची पिशवी सावरत पुढे निघून गेले. शनिवार गेला. हरकत त्यांनी उठवली नाही.

रविवारी सकाळी सोजरबाई आली, नवं लुगडं नेसून. कमलने मावा जिलेबी मागवून ठेवली होती. प्रकाशलाही बोलवावं लागलंच. बोलावलं नसतं तर ते दिसून आलं असतं. यादी उघडली. नंदकुमारांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. प्रकाशचं नाव नव्हतं. त्यांचंही नव्हतं.

त्यांच्या कमानीपुढे लिहिलं होतं की तीन मतं मिळाली आहेत, पण आतला एक तुकडा अडकला आहे म्हणून थांबवली. तुकड्याचा नंबर पाहून त्यांनी आपली फाइल उघडली. सातव्या ओळीत तोच नंबर. दोन वर्षांपूर्वी कमानीचं पोट जमेना तेव्हा प्रकाशने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला होता, माझी पट्टी लावा म्हणून. त्यांनी लावली आणि ती कोणाची हे साफ विसरले. घेतलेलं माणूस विसरतंच. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापणारे लोक असतात. नंदकुमारांना तर नाक आपलं आहे याचाही पत्ता नव्हता.

सोजरबाईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. तिने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "नंदू, ठेव माह्यं बोट तुह्या नावावर."

पडद्यावर चाळीस नावं होती. कुठल्याही नावावर ठेवलं असतं तरी ती सुखाने जैनाबादला गेली असती. प्रकाश खिडकीबाहेर बघत होता. तो बोलणार नव्हता, हेही नंदकुमारांना ठाऊक होतं. क्षणभर त्यांनी तिचं बोट धरलंसुद्धा.

"नाही बाई," ते म्हणाले. "माझं नाव नाही यात. मी याच्या कमानी अडकवायला गेलो, माझीच अडकली."

कमलने जिलेबीचं ताट पुढे करावं की मागे न्यावं हे तिला कळेना. शेवटी प्रकाश म्हणाला, "तेच सांगत होतो त्या दिवशी. आता उठवा हरकत, पुढच्या यादीत दोघांचं येईल."

नंदकुमारांनी हरकत उठवली. मग आपली फाइल पुन्हा उघडली आणि आपल्या नावाखाली एक ओळ घातली, पोटातली पट्टी प्रकाशची. प्रकाश घाईने म्हणाला, राहू द्या, फाइल बदलली की तिन्ही मतं पुसतात, पुन्हा पहिल्यापासून तपासणी होते. ते नंदकुमारांना माहीत होतं. हा काही मोठेपणा नव्हता. ज्या कमानीवर आपलं नाव लावायचं तिच्या पोटात त्याचं काम गुपचूप पडून राहावं, हेच त्यांना सोसणार नव्हतं. त्यांनी फाइल पाठवली. तीन मतं पुसली गेली.

पुढच्या यादीत कमान आलीच नाही, मतं दोनच पडली. त्याच्या पुढच्या यादीत आली. सोजरबाईला परत निरोप गेला, परत लुगडं, परत जिलेबी. या वेळी नंदकुमारांनी तिचं बोट नावावर ठेवलं. तिने ते तिथेच बराच वेळ दाबून धरलं. मग विचारलं, "आन् या मास्तरचं कुठी हाये?"

प्रकाशची पट्टी आणि पाच कमानी आधीच्याच यादीत लागल्या होत्या. ती यादी उघडायलाच हवी होती असं नाही. नंदकुमारांनी उघडली. बहिणीचं बोट धरून एकेका नावावर ठेवलं. तिसऱ्यापर्यंत ठीक होतं. सहाव्यावर ठेवायला जड गेलं, पण ठेवलं.

"याचे तं लई हायेत रे," सोजरबाई म्हणाली.

"हो," नंदकुमार म्हणाले. "आणि एक सातवं माझ्या कमानीत आहे."