नमुन्याप्रमाणे नाही

गजाकाका गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. फोन नाही, निरोप नाही. सकाळी मिरकरवाडा बंदराकडे उतरताना नाक्यावर विजेच्या खांबाला बांधलेला ओला फ्लेक्स दिसला आणि त्यावर काका. आमच्या मच्छीमार सोसायटीचे खरेदी बघणारे काका, शर्टाचं वरचं बटण लावलेले, ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि खाली, काकांच्या चेहऱ्याएवढ्याच चेहऱ्याचा, हात जोडलेला, सोन्याच्या कड्यातला... सौजन्य म्हणून शेठ. ज्या माणसाचा माल काकांनी दोन वर्षं गोदामाच्या कोपऱ्यातून हलू दिला नाही, तो शेठ. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

स्मृतिलेखात गोड लिहायचं असतं म्हणे. मला पत्रकं लिहायची सवय आहे, गोड जमत नाही. आणि काकांशी माझी ओळखच मुळी एका पत्रकावरून झाली, तेही त्यांच्याविरुद्धच्या. तेव्हा मी बावीसची होते आणि मला सगळं कळत होतं. सोसायटी बोटींसाठी साठ लाइफ जॅकेटं घेणार होती. चार कोटेशनं आली होती, त्यातली तीन स्वस्त, चौथं दाभोळच्या एका व्यापाऱ्याचं, सगळ्यांत महाग. खरेदीवाल्या काकांनी शिफारस केली ती नेमकी चौथ्याची. आणखी काय पुरावा पाहिजे? मी रात्रीतून पत्रक लिहिलं, ‘चारपैकी तीन स्वस्त, मग चौथ्यावर प्रेम का?’ लिलावाच्या वेळी मासळीच्या टोपल्यांमधून फिरून हातोहात वाटलं. लोकांनी वाचलं, शिव्या घातल्या, मग त्यातच बांगडे गुंडाळले. मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी चेअरमननी कमिटीच्या सभेत तेच पत्रक फडकावलं. ‘तरुण पिढी जागी आहे,’ म्हणाले, आणि ऑर्डर तीन स्वस्तांतल्या शेठला दिली. काकांनी नुसती आपली फाईल मिटली. दुसऱ्या दिवशी मला गोदामावर बोलावून घेतलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते.

‘तूच काय गो ती पत्रकवाली?’

‘होय. नाव घालूनच छापलंय.’

‘बरं लिवतस. कोटेशनं वाचलीस?’

‘आकडे बघितले.’

‘पाकिटं बघितलीस?’

पाकिटं कोण बघतं? काकांनी फाईल पुढे केली. दाभोळच्या व्यापाऱ्याचं पाकीट एक. उरलेल्या तिघांचं पाकीट... एकच. तीन वेगळी लेटरहेडं, तीन वेगळे शिक्के, आणि तिन्ही कागद शेठच्या माणसाने एकाच पाकिटातून आणून दिलेले. ‘तीन स्पर्धक एका रिक्षात बसून आले बघ,’ काका म्हणाले, ‘भाडं वाचवायला.’ आणि हसले नाहीत. मी आकड्यांवर लाल रेघा मारत बसले होते. तीन स्वस्त माणसं नव्हतीच मुळी. एक माणूस तीन टोप्या घालून बसला होता, आणि मी, भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारी मी, त्याची जाहिरात फुकटात छापून बाजारभर वाटून आले होते. आजही ते पत्रक आठवलं की स्वतःचीच किळस येते. शेठची येते तेवढीच.

काकांनी मला कधी फाडून खाल्लं नाही. त्यांनी शिक्षा म्हणून कामाला बसवलं. ‘बाहेर राहून ओरडतस, आत बसून ओरड,’ म्हणाले. कमिटीनेही मला हंगामी म्हणून गोदामावर घेतलं. पगार दिला की पोरीचं तोंड बंद, हा त्यांचा हिशेब मला तेव्हाच कळला होता. मग काका मला खरेदी शिकवू लागले. ते आयुष्याची पंचवीस वर्षं जहाजांवर स्टोअरकीपर होते. त्यांचं म्हणणं असं की, काय घ्यायचं ते नीट लिहून काढल्याशिवाय किंमत विचारायचीच नाही. ‘दोरी पाहिजे’ म्हणून लिहिलंस तर कुणीही कसलीही दोरी देईल आणि स्वस्तात देईल. किती जाड, कशाची, किती ओढ सोसणारी, पाण्यात किती दिवस, हे सगळं आधी. मगच तीन जणांना विचारायचं, आणि तिघांना तेच विचारायचं. त्यानंतर नमुना. नमुन्यावर आपली सही, त्याची सही, पिशवीत घालून, सुतळीने बांधून कपाटात. माल आला की नमुना बाहेर. ‘माणसाची सवय हाय,’ ते म्हणायचे, ‘नमुना लग्नातला आणि माल रोजचा.’

दाभोळवाल्याला ते का सांभाळत, तेही तेव्हा समजलं. एकदा त्यानेच फोन केला, ‘काका, ह्या खेपेची दोरी घेऊ नका, कारखान्याकडून कच्च्या पिळाची आलीय.’ स्वतःचा माल स्वतःच नाकारणारा पुरवठादार! अशा माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, त्याच्या चिठ्ठीला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, ही त्यांची शिकवण. आणि तरीही त्याचा प्रत्येक गठ्ठा सोडून बघायचे. मी म्हटलं, ‘त्याच्यावर विश्वास आहे ना?’ तर म्हणाले, ‘म्हणून तर बघतोय. विश्वास टिकायला नको?’

ऑफिसात भिंतीवर शेठचं घड्याळ, शेठचं कॅलेंडर, टेबलावर शेठच्या नावाची पेनं. दिवाळीला पेटीभर येत. काका स्वतःचं पेन खिशाला जाळ्याच्या दोऱ्याने बांधून आणायचे. ‘त्याच्या मालावर त्याच्याच पेनाने सही करू?’ एवढंच. मला तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्याचा हेकटपणा.

मग साठ जॅकेटं आली. भडक नारिंगी, चकचकीत, छातीवर पट्टे. कमिटीने फोटो काढून घेतले. काकांनी फोटो संपू दिला, एक जॅकेट उचललं आणि गोदामामागे जाळी धुवायची सिमेंटची टाकी आहे तिथे आले. टाकीशेजारी त्यांचा चिरा असायचा. जांभ्याचा तो तुकडा त्यांनी मापाने घासून घेतलेला. चांगलं जॅकेट तेवढं वजन दिवसभर वर धरतं. आदल्या महिन्यात दाभोळच्या नमुन्याने धरलं होतं. शेठच्या जॅकेटाला चिरा बांधून पाण्यात सोडला. तरंगलं. मी हळूच सुस्कारा सोडला, माझ्या पत्रकाची लाज राखली असं वाटून. काका स्टुलावर बसले. चहा झाला, जेवण झालं. दुपारी जॅकेट पाण्याच्या खाली वीतभर होतं. चार वाजता चिरा तळाला टेकला.

काकांनी ते बाहेर काढून सुरीने फाडलं. शेठने सही करून दिलेल्या नमुन्यात होता तसा फोम आत नव्हता. स्पंजाचे तुकडे होते, वेगवेगळ्या रंगांचे, आणि एका तुकड्याला कुणाच्या तरी जुन्या गादीचं फुलाफुलांचं कापड अजून चिकटलेलं. त्याला वास येत होता. कुणाच्या तरी झोपेचा, घामाचा वास. हे गळ्यात बांधून खलाशी समुद्रात जाणार होता. बोट चालवणारे आमचे रफीक तांडेल शेजारीच जाळं विणत होते. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘उशाला घ्यायला बरं हाय, गजाभाऊ. बुडताना झोप तरी लागंल.’

आवक रजिस्टरात काकांनी स्वतःच्या पेनाने लिहिलं, ‘नमुन्याप्रमाणे नाही. परत.’ शेठने माल परत नेला नाही. कमिटीने काकांना बोटींना बर्फाची कुपनं द्यायच्या खिडकीत बसवलं. पण मालाच्या आवकेवर सही गोदामाचीच लागते, आणि ती सही काकांनी दिली नाही, त्यांच्या जागी मला बसवलं तर मीही दिली नाही. दोन वर्षं. दर आठवड्याला कुणीतरी येऊन प्रेमाने समजावून जायचं.

आषाढात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते खाटेवर होते, श्वास धरत बोलत होते. मी फळं नेली होती. त्यांनी ती कुठून घेतली ते विचारलं, मग एक हातात घेऊन दाबून बघितलं. मी निघताना म्हणाले, ‘टाकी भरलेली हाय ना गो?’ मी होय म्हटलं. भरलेली नव्हती. त्या दिवशी परत जाऊन भरली...

शोकसभेत फ्लेक्समधलाच तो फोटो चौकटीत होता, चौकटीच्या खालच्या पट्टीवर शेठच्या दुकानाचं नाव. शेठ बोलायला उठला आणि रडला. खरं पाणी होतं डोळ्यांत! ‘काका माझे गुरू, त्यांनी मला दर्जा शिकवला.’ लोक मान हलवत होते. चेअरमननी मला बाजूला घेतलं.

‘हे बघ, पावसाळी मासेमारीबंदी उठायला आठ दिवस आहेत. ती जॅकेटं पडून आहेत.’

‘ती बुडतात.’

‘काकांच्या स्मरणार्थ मोफत वाटप करू. त्यांच्या फोटोसकट. तेवढी तुझी सही दे. त्यांचं नाव होईल गो पोरी.’

त्यांचं नाव! ज्याने ती अडवली त्याचंच नाव छापून खलाशांच्या गळ्यात बांधायची. मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली आहे, गटारांवर पत्रकं लिहिली आहेत. पण त्या क्षणी चेअरमननी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं, आणि पेनावर शेठचं नाव होतं. मी ते घेतलं नाही.

संध्याकाळी काकींकडे गेले. म्हटलं, नाक्यावरचा तो फ्लेक्स फाडून टाकते. काकी तांदूळ निवडत होत्या. ‘फाडतस कशाला? सोडवून आण,’ म्हणाल्या. ‘ह्यांचा तेवढा कापून घेईन. बाकीचा पडवीत लाकडांवर घालीन, तोंडं खाली करून.’ तसंच झालं. शेठ सध्या ओल्या लाकडांवर पालथा पडलेला आहे, हात जोडून.

जॅकेटं अजून गोदामात आहेत. रजिस्टर माझ्याकडे आहे, काकांच्या ओळीखाली माल स्वीकारल्याची माझी सही झालेली नाही. टाकीत पाणी आहे, काठावर काकांचा चिरा आहे, त्याची दोरी मी बदलली, दाभोळची घेतली, गठ्ठा सोडून बघूनच. साठातलं एक काकांनी फाडलं. रोज सकाळी एक नवं जॅकेट चिऱ्याला बांधून सोडते आणि काकांच्या स्टुलावर बसते. आजवर सात बुडाली. तांडेल, खलाशी, त्यांच्या बायका येऊन उभ्या राहतात, चिरा तळाला टेकला की निघून जातात. ज्यांना स्मरणार्थ वाटप करायचं आहे त्यांनीही यावं. गोदाम उघडं आहे. सकाळी लवकर या, चार वाजेपर्यंत बसायची तयारी ठेवा, आणि येताना पेन स्वतःचं आणा.