जिंकलो, पण एकेकटे

आज आमच्या अलिबागच्या होस्टेलच्या हॉलमधला टीव्ही काढून नेला. "केबल बघतंय कोण आता? सगळ्यांच्या मोबाईलवर दिसतंच की," रेक्टर मॅडम म्हणाल्या. खरंच होतं ते.

संध्याकाळी मॅच होती. सगळ्या मुली आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाईलवर. शेवटच्या बॉलला शेजारच्या खोलीतून किंकाळी आली, तेव्हा माझ्या स्क्रीनवर बॉलर अजून धावतच होता. मग माझ्याकडेही सिक्स गेला. हेडफोन लावून बसलेल्या माझ्या रूममेटला, रुबीनाला, मिठी मारायला वळले, तर तिने हात वर केला. "थांब गं, सांगू नको! माझं अजून मागे हाय."

ती ओरडली तोवर माझा आनंद ओसरला होता.

हॉलमध्ये आम्ही रिमोटवरून भांडायचो, पण ओरडायचो एकदम. तुम्ही शेवटचं कुणासोबत एकदम ओरडलात?