बायकोची गोळी

निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी मला ब्लड प्रेशर निघालं. बायकोला ते आधीपासूनच होतं. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या घराजवळच एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे, आम्ही दोघंही तिथेच जातो. मला त्यांनी तीन गोळ्या दिल्या, सकाळी दोन आणि रात्री एक. बायकोला मात्र एकच. सकाळी ती गिळली की तिचं दिवसभराचं काम झालं.

मी कारखान्यात तीस वर्षं ऑफिसर होतो. शिस्त माझ्या अंगात मुरलेली. मी मीठ कमी केलं, पापड सोडला, रोज पहाटे चालायला जाऊ लागलो. बायकोचं माहेर बारवी धरणाच्या वाटेवरचं. तिकडून खारवलेली सुकट आली की ती मिटक्या मारत खायची. तरी दवाखान्यात तिचं प्रेशर एकशे वीस निघायचं आणि माझं एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरबाई म्हणायच्या, "वा काकू, शाब्बास!" मग माझ्याकडे वळून, "काका, तुमचं बघू अजून थोडं."

हे 'अजून थोडं' मला फार झोंबायचं. मला वाटायचं, हिला चांगलं औषध दिलंय, आणि माझ्यावर नुसते प्रयोग चाललेत.

एके सकाळी ती आंघोळीला गेली होती. फ्रिजवर तिचं गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. मी त्यातली एक काढली आणि माझ्या दोन गोळ्यांबरोबर घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. तिसऱ्या दिवसापासून तर हात आपोआपच तिकडे जाऊ लागला.

रविवारी घरच्या मशिनवर माझं प्रेशर एकशे चौदा आलं. मी तिला दोनदा दाखवलं. मग तिनं स्वतःचं मोजलं. एकशे अठ्ठावन्न.

त्या क्षणी मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? चेहरा काळजीचा केला, पण आत उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, "बघ, सुकट खा अजून."

ती हसली नाही. पाकीट हातात घेऊन म्हणाली, "अहो, यात गोळ्या कमी आहेत. मी एका दिवसात दोनदा घेते की काय? चुकून जास्त जाऊ नये म्हणून मी चार दिवस घेतलीच नाही." मग हळूच म्हणाली, "आईचं असंच सुरू झालं होतं."

माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं पोटच्या मुलीलाही ओळखत नव्हत्या. हे सगळं माहीत असूनही मी म्हणालो, "वयोमानानं होतं असं." आणि पेपर उघडला.

मंगळवारी मिक्सर दुरुस्तीला घेऊन मी उल्हासनगरला, कॅम्प दोन भागात गेलो. सकाळी तिची गोळी घेतलेलीच होती. दुकानात अर्धा तास स्टुलावर बसलो. मिक्सर झाला म्हणून उठलो, तर डोळ्यांपुढे अंधार आला. पुढचं आठवतं ते थेट फरशीवरचं. दुकानदार सिंधी होता. त्यानं माझे पाय उचलून एका खोक्यावर ठेवले होते आणि तो वारा घालत होता. "अंकल, उठना नहीं. लेटे रहो. घर का नंबर बोलो."

बायको रिक्षानं आली. येताना दोघांच्या गोळ्या पिशवीत घालून आणल्या होत्या. तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. माझं प्रेशर नव्वदच्याही खाली होतं.

"आज काय काय घेतलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी बायकोकडे न बघता सांगून टाकलं.

"अहो काका, काकूंच्या एका गोळीत दोन औषधं एकत्र आहेत. तीच दोन्ही तुम्ही वेगवेगळी घेताय. म्हणजे आठवडाभर ती दुप्पट घेतलीत, वर तुमची तिसरी, लघवीची गोळी आहेच."

"मग मला ती एकच का नाही दिली?"

"तुमचं प्रमाण अजून बसायचंय. एकत्र गोळीतलं एकच औषध कमी-जास्त करता येत नाही. प्रमाण बसलं की देणारच होते." मग त्या बायकोला म्हणाल्या, "काकू, घेतली की नाही ते आठवलं नाही, तर त्या दिवशी दुसरी घेऊ नका. पण मनानं चार-चार दिवस बंदही ठेवायची नाही. मला विचारायचं."

रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "गोळी मागितली असतीत तर मी हसले असते फक्त. पण मला वेड लागतंय असं वाटू दिलंत तुम्ही."



तीन महिन्यांनी मलाही एकत्र गोळी मिळाली. आता आम्ही आपापल्या डब्यांत वारांप्रमाणे गोळ्या भरून ठेवतो, आणि मी उठताना आधी पलंगाच्या कडेला बसतो, मग उभा राहतो. माझं प्रेशर एकशे तीसच्या आसपास असतं. तिचं अजूनही माझ्यापेक्षा कमीच, आणि ते मला अजूनही थोडं खुपतं.

पण बाहेर जाताना ती कुलूप लावते, जिन्यापर्यंत येते आणि थांबते. मी म्हणतो, "लावलंस गं. मी पाहिलं." तरी ती परत जाऊन कुलूप ओढून बघून येते.